कुजबुज आणि छापील अक्षर : र. धों. कर्वे यांचे जीवनकार्य व कुमारवयातील लैंगिक शिक्षणाचा प्रश्न

प्रास्ताविक

रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) हे नाव मराठी वाचकाला परिचित आहे ते मुख्यतः संततिनियमनाचे आद्य प्रचारक म्हणून. य. दि. फडके यांनी लिहिलेल्या चरित्रापासून अमोल पालेकर यांच्या ‘ध्यासपर्व’ (२००१) या चित्रपटापर्यंत त्यांच्या आयुष्याची जी मांडणी झाली, तिच्या केंद्रस्थानी एकाकी झुंज देणारा सुधारक आणि त्याचे संततिनियमनाचे कार्य ही दोन सूत्रे दिसतात. ती यथार्थच आहेत. तथापि या कार्याच्या मुळाशी आणखी एक प्रश्न होता, आणि त्याचा स्वतंत्रपणे विचार होणे आवश्यक आहे. वयात येणाऱ्या मुलामुलींना स्वतःच्या शरीराविषयीचे ज्ञान कोठून मिळते, ते कोणत्या भाषेत मिळते, आणि त्याबरोबरच पुरुषाने कसे असावे व बाईने कसे असावे यांचे कोणते साचे त्यांच्या मनात बसतात, हा तो प्रश्न होय.

कर्व्यांचे लेखन प्रामुख्याने प्रौढ वाचकांसाठी होते. परंतु त्या प्रौढांनी त्यांना जे विचारले, त्यातील बराचसा भाग हा बारा-चौदाव्या वर्षी कानांवर पडलेल्या गोष्टींचा वर्षानुवर्षे साचलेला गाळ होता. या दृष्टीने पाहता कर्व्यांचे आयुष्य म्हणजे कुमारवयात झालेल्या अपशिक्षणाची प्रौढपणी केलेली दुरुस्ती होती असे म्हणता येईल. प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्राचा या अंगाने विचार केला आहे. या दुरुस्तीतून त्यांनी काय साधले आणि काय राहून गेले, हेही पाहिले आहे.

१. मुरुड आणि पुणे

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी दापोली तालुक्यातील मुरुड येथे झाला. वडील धोंडो केशव कर्वे, म्हणजे पुढे महर्षी म्हणून मान्यता पावलेले अण्णासाहेब. त्यांचा विवाह झाला तेव्हा त्यांचे वय चौदा व पत्नी राधाबाईंचे आठ होते. त्या काळच्या चित्पावन ब्राह्मण कुटुंबांत यात विशेष असे काही नव्हते. राधाबाईंचे निधन १८९१ साली बाळंतपणात झाले. त्या वेळी त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या आणि रघुनाथ नऊ वर्षांचा होता.

१८९१ हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. याच वर्षी संमतिवयाचा कायदा मंजूर झाला व मुलीचे संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेण्यात आले. त्याविरुद्ध पुण्यात मोठे वादळ उठले आणि लोकमान्य टिळकांसारख्या नेत्याने परकीय सरकारच्या सामाजिक हस्तक्षेपाला विरोध म्हणून या कायद्याच्या विरोधकांची बाजू घेतली. दोन्ही पक्षांनी या वादात पानेच्या पाने लिहिली. ज्या मुलींच्या शरीरासंबंधी हा वाद चालला होता, त्यांच्यापैकी कोणी त्यात बोलल्याचे मात्र आढळत नाही. त्यांना काय वाटते हे विचारले जात नव्हते, आणि त्यांना काही सांगावे असेही कोणाच्या मनात नव्हते.

१८९३ साली अण्णासाहेबांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. गोदूबाईंचे लग्न आठव्या वर्षी झाले होते व अवघ्या तीन महिन्यांत त्यांना वैधव्य आले होते. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाच्या त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. या विवाहामुळे मुरुडच्या समाजाने कर्वे कुटुंबावर बहिष्कार घातला. पुढे १८९६ साली अण्णासाहेबांनी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला आणि १९०० साली तो हिंगण्यास नेला. रघुनाथ त्या वेळी चौदा ते अठरा वर्षांचा होता. घराच्या परिसरात ज्या विधवा मुली शिकावयास येत, त्यांतील कित्येकींना वैवाहिक आयुष्य म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच वैधव्य आले होते. या सर्वांचा कुमारवयीन रघुनाथच्या मनावर काय परिणाम झाला, याविषयी तर्क लढविणे चरित्रकाराला शोभणार नाही. एवढे मात्र म्हणता येते की, आईचा बाळंतपणातील मृत्यू, सावत्र आईचे बालवैधव्य आणि गावाचा बहिष्कार या तीन घटनांमुळे स्त्रीदेहावरील सामाजिक सत्तेचा प्रश्न त्याच्यापुढे पुस्तकातून येण्याआधीच घरातून आला होता.

अभ्यासात रघुनाथ असाधारण होता. १८९९ साली मॅट्रिकच्या परीक्षेत तो पहिला आला. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९०४ साली बी. ए. होऊन त्याने गणिताच्या अध्यापनाचा मार्ग धरला. वडिलांनीही फर्ग्युसनमध्ये गणितच शिकविले होते. वडिलांच्या सुधारणेचे क्षेत्र स्त्रीशिक्षण व विधवांचे पुनर्वसन हे होते. मुलाने त्याच प्रश्नाच्या आतल्या, न बोलल्या जाणाऱ्या बाजूला हात घातला.

२. कुमारवयाचे दोन साचे

कर्व्यांच्या कार्याचे स्वरूप समजण्यासाठी त्यांच्या काळातील मुलगे व मुली वयात कसे येत, हे थोडे विस्ताराने पाहिले पाहिजे.

मुलीच्या बाबतीत कुमारवय असा स्वतंत्र टप्पाच जवळजवळ नव्हता. सात-आठ वर्षांची असताना लग्न, पहिला विटाळ आला की न्हाणाचा सोहळा व गर्भाधान, आणि मग संसार. न्हाण आलेली मुलगी ‘शहाणी’ झाली असे म्हणत. परंतु या शहाणपणात ज्ञानाचा अंश अत्यल्प असे. घरातील लहान मुलांना आई बाजूला का बसली आहे याचे उत्तर ‘कावळा शिवला’ एवढेच मिळे. मुलगी पुढे स्वतः बाजूला बसू लागली तरी त्या कावळ्याच्या जागी दुसरे स्पष्टीकरण येत नसे. येत ती फक्त बंधने. काय शिवायचे नाही, कोठे जायचे नाही, कोणाशी बोलायचे नाही, मोठ्याने हसायचे नाही, ही यादी पाठ होई. थोड्या मोठ्या मैत्रिणी, नणंदा, जावा याच शिक्षिका; आणि त्यांनाही जे सांगितले गेले होते तेच त्या पुढे सांगत. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा व मुलाचे अठरा केले. त्यामुळे कायद्याच्या कागदावर तरी मुलीला कुमारवय लाभले. त्या वयात तिला काय सांगावे, याचा विचार मात्र झाला नाही.

मुलग्यांची स्थिती वेगळी होती. हायस्कूल व महाविद्यालय यांच्या प्रसारामुळे मध्यमवर्गीय मुलाचे कुमारवय लांबले. शिक्षणासाठी गाव सोडून तो पुण्या-मुंबईस आला, वाड्यातील खोलीत चौघांबरोबर राहू लागला, खाणावळीत जेवू लागला, तालमीत जाऊ लागला. वडीलधारे दूर होते. होते ते समवयस्क. शरीराविषयीचे त्याचे ज्ञान या सवंगड्यांच्या कुजबुजीतून, शिव्यांतून आणि बढायांतून आले. दुसऱ्या बाजूने त्याला ब्रह्मचर्याचा उपदेश ऐकू येत होता. वीर्य म्हणजे शरीराचे सार, त्याचा नाश म्हणजे आयुष्याचा नाश, हे तालमीतही सांगितले जाई आणि पुस्तकांतूनही. वृत्तपत्रांतील धातुपौष्टिक औषधांच्या जाहिराती या भीतीवरच चालत. एकीकडे मर्दपणाची बढाई व दुसरीकडे वीर्यनाशाची धास्ती, या दोहोंच्या मध्ये तो मुलगा सापडला होता.

समवयस्कांच्या संकेतांचे सामर्थ्य कशात असते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. गटातील प्रत्येक मुलाला वाटते की, इतरांना सर्व ठाऊक आहे, इतरांनी सर्व अनुभवले आहे, अडाणी व भित्रे असे आपण एकटेच. म्हणून तोही जाणत्याचा आव आणतो. त्याचा आव पाहून दुसऱ्याची तीच समजूत दृढ होते. कोणीच विचारीत नाही, म्हणून कोणालाच कळत नाही. आणि जो विचारील तो ‘बायकी’ ठरतो. संकेत टिकतो तो बहुतेकांना तो पटतो म्हणून नव्हे, तर तो बहुतेकांना पटतो असे प्रत्येकाला वाटते म्हणून. मुलींच्या गटातही हीच यंत्रणा असते, फक्त तिचे फळ उलट असते. तेथे जिला काही ठाऊक आहे असे दिसेल ती ‘वाह्यात’ ठरते. म्हणून ठाऊक असलेलेही ठाऊक नसल्यासारखे दाखवावे लागते. मुलाने अज्ञान लपवायचे आणि मुलीने ज्ञान लपवायचे, असा हा दुहेरी संकेत होय.

या संदर्भात भाषेचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. जननेंद्रिये व लैंगिक व्यवहार यांच्यासाठी मराठीत शब्द नव्हते असे नाही. एक शब्दसंग्रह शिव्यांचा होता. तो मुलग्यांच्या टोळक्यात चाले व चारचौघांत उच्चारणे अशक्य होते. दुसरा संस्कृत शास्त्रग्रंथांचा होता. तो वैद्य व शास्त्री यांच्यापुरता मर्यादित होता. या दोहोंच्या मध्ये सुशिक्षित माणसाला शांतपणे वापरता येईल अशी भाषा जवळपास नव्हती. जे उच्चारता येत नाही त्याविषयी प्रश्नही विचारता येत नाही. कर्व्यांपुढील अडचण ही अशा प्रकारे मूलतः वाङ्मयीनही होती.

३. मुंबई, पॅरिस आणि राजीनामा

रघुनाथराव मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. १९१९ साली ते गणिताच्या उच्च अभ्यासासाठी पॅरिसला गेले. फ्रेंच भाषा व साहित्य यांचा त्यांचा व्यासंग यामुळे वाढला. पुढील काळात त्यांच्या लेखनात जो मोकळेपणा दिसतो, त्याची एक मुळी येथे आहे.

मायदेशी परतल्यावर १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र काढले तेही याच वर्षी. १९२३ साली संततिनियमनावरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावरही त्यांनी लिहिले. हे विषय मिशनऱ्यांच्या महाविद्यालयातील प्राध्यापकाने जाहीरपणे मांडावेत, हे व्यवस्थापनास रुचणे शक्य नव्हते. १९२५ च्या सुमारास त्यांना राजीनामा द्यावा लागला. स्थिर उत्पन्नाचा मार्ग बंद झाला तो कायमचाच, असे म्हणावे लागते.

पत्नी मालतीबाईंनी या सर्व काळात त्यांना साथ दिली. अपत्य होऊ द्यायचे नाही, असा निर्णय उभयतांनी घेतला होता. पुढे रघुनाथरावांनी नसबंदीची शस्त्रक्रिया स्वतःवर करून घेतली. या कृतीचे महत्त्व केवळ वैयक्तिक नाही. मूल होणे वा न होणे ही बाईची बाब, आणि पुरुषाच्या शरीराला हात लावणे म्हणजे त्याच्या पुरुषत्वाला हात लावणे, या समजुतीला त्यांनी स्वतःच्या शरीरानेच उत्तर दिले. पुरुषत्वाविषयीच्या साच्यांवर त्यांनी पुढे जे लिहिले, त्याला या आचरणाचा आधार होता.

४. ‘समाजस्वास्थ्य’ : प्रश्न विचारण्याची जागा

जुलै १९२७ मध्ये कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे सुमारे सव्वीस वर्षे, ते चालविले. व्यक्तीच्या व समाजाच्या शारीरिक आणि मानसिक आरोग्याची चर्चा, विशेषतः लैंगिक विषयांची माहिती, हे त्याचे घोषित प्रयोजन होते. मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचे चित्र असे. नग्न शरीरात मुळात पाप नाही, ही भूमिका त्यामागे होती; विरोधकांच्या हाती मात्र त्यामुळे आयते कोलीत मिळाले. मासिकाचा मोठा भाग ते स्वतःच लिहीत. मामा वरेरकर, शकुंतलाबाई परांजपे यांच्यासारख्या मोजक्या लेखकांचे साहाय्य त्यांना लाभले.

या मासिकातील सर्वांत महत्त्वाचे सदर म्हणजे वाचकांची पत्रे व त्यांना दिलेली उत्तरे. श्रीकांत बोत्रे व डग्लस हेन्स यांनी या पत्रव्यवहाराचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध केला असून, पश्चिम भारतातील मध्यमवर्गीय पुरुषांच्या लैंगिक जिज्ञासा व चिंता यांचे ते एक दुर्मीळ साधन आहे, हे त्यातून स्पष्ट होते. हस्तमैथुन, स्वप्नावस्था, वीर्याचा क्षय, विवाहानंतरचे अपयश, स्त्रीला सुख मिळते की नाही, या विषयांभोवती ही पत्रे फिरतात. लिहिणारे बहुधा तरुण वा प्रौढ असत. पण त्यांच्या भीतीचे वय त्यांच्याहून लहान होते. सवंगड्यांनी, तालमीतील उपदेशाने व जाहिरातींनी मिसरूड फुटण्याच्या वयात जे मनात घातले, तेच ते दहा-पंधरा वर्षांनी कागदावर उतरवीत होते.

कर्व्यांची उत्तरे थोडक्यात असत. हस्तमैथुनाने शरीराची हानी होत नाही, हानी होते ती त्याविषयीच्या भीतीने, ही त्यांची भूमिका ठाम होती. उपदेश नाही, दिलासा देणारा गोडवा नाही, लाज आणणारा शब्द नाही. गणिताच्या शिक्षकाने पदावली सोडवावी तसे ते प्रश्नातील गृहीतक वेगळे काढीत, ते चुकीचे असल्यास तसे सांगत आणि थांबत. शिवी व शास्त्र यांच्या मधली जी भाषा मराठीत नव्हती, ती या उत्तरांतून घडू लागली. अलंकार, सूचकता, काव्यमय आवरण यांचा त्यांनी त्याग केला. मराठी निबंधवाङ्मयाच्या इतिहासात आगरकरांच्या परखड गद्याची परंपरा सांगितली जाते. त्या परंपरेचा लैंगिक विषयापुरता विस्तार कर्व्यांनी केला, ही नोंद वाङ्मयेतिहासात अधिक ठळकपणे व्हावयास हवी.

परंतु या सदराचे खरे कार्य उत्तरांपेक्षाही प्रश्न छापण्यात होते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. समवयस्कांचा संकेत टिकतो तो प्रत्येकाला आपण एकटे आहोत असे वाटते म्हणून, हे वर पाहिले. ‘समाजस्वास्थ्य’च्या अंकात दुसऱ्या कोणा अनामिकाचा प्रश्न वाचणाऱ्याला प्रथमच कळत होते की, जी भीती आपण कोणाजवळही बोललो नाही ती आणखी कोणाचीही आहे. खोलीतील चौघांत ज्याला गप्प राहावे लागत होते, त्याला या पानांवर न पाहिलेल्या समवयस्कांचा एक दुसरा गट भेटत होता. या गटात बढाई मारण्याचे कारण नव्हते, कारण नाव नव्हते. आणि हसणारेही कोणी नव्हते. कुजबुजीच्या जागी छापील अक्षर आल्याने हा फरक पडला.

स्त्री-पुरुषांच्या साच्यांविषयीही कर्व्यांची भूमिका त्यांच्या काळाच्या पुढची होती. कामसुखाची इच्छा पुरुषाला असते व स्त्री केवळ ती सहन करते, ही समजूत त्यांनी नाकारली. स्त्रीलाही तितकाच अधिकार आहे, नीतीचे माप दोघांना एकच लावले पाहिजे, हे त्यांनी सातत्याने मांडले. १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आधुनिक कामशास्त्र’ या ग्रंथातही विषयाची शास्त्रीय मांडणी करताना त्यांनी ही दृष्टी सोडली नाही. महात्मा गांधींसारख्या सर्वमान्य नेत्याने कृत्रिम साधनांना विरोध करून ब्रह्मचर्याचा पुरस्कार केला असतानाच्या काळात हे घडत होते, हे विसरता येत नाही.

५. न्यायालयात

‘समाजस्वास्थ्य’वर अश्लीलतेचे खटले झाले. पहिला १९३१ सालचा, ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखावरून. त्यात शंभर रुपये दंड झाला व अपिलातही यश आले नाही. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे तो १९३४ सालचा खटला. या वेळी आक्षेप होता तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. लैंगिक विषयाला वाहिलेल्या मासिकाला वाचक त्याच विषयाचे प्रश्न विचारणार. ते विकृतीतून आले आहेत असे मानले तरी विकृती दूर होते ती ज्ञानानेच. आणि लैंगिक विषयावरील लेखन केवळ त्या विषयामुळे अश्लील ठरत नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. समलिंगी आकर्षणासंबंधी हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचाही त्यांनी आधार घेतला. न्यायालयाने तो मान्य केला नाही. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

या खटल्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. हे प्रश्न लोकांच्या मनात आहेत, हे न्यायालयालाही ठाऊक होते. आक्षेप होता तो ते छापण्याला. कुजबुज चालू राहण्यास कोणाची हरकत नव्हती. टोळक्यातील शिवीवर, धातुपौष्टिकाच्या जाहिरातीवर खटला झाला नाही. खटला झाला तो त्या कुजबुजीला उघड व शांत उत्तर देणाऱ्यावर. समाज मौन पाळतो असे आपण म्हणतो, ते पूर्णपणे खरे नाही. समाज एका विशिष्ट प्रकारच्या बोलण्याला परवाना देतो व दुसऱ्याला नाकारतो, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल.

६. मर्यादांचा विचार

कर्व्यांच्या थोरवीला बाध न आणता या कार्याच्या मर्यादाही पाहाव्या लागतात.

पहिली मर्यादा पोहोचीची. ‘समाजस्वास्थ्य’चे वाचक शिक्षित मध्यमवर्गीय, आणि त्यांतही बहुतांशी पुरुष होते. १९३१ च्या जनगणनेत भारतातील स्त्रियांचे साक्षरतेचे प्रमाण तीन टक्क्यांहूनही कमी होते. ज्या स्त्रियांच्या सुखाच्या हक्काविषयी कर्वे लिहीत होते, त्यांतील अगदी थोड्या जणींना ते वाचता येणे शक्य होते. स्त्रीच्या शरीराविषयीची चर्चा पुन्हा पुरुष-पुरुषांतच राहिली. तीत आशय बदलला होता, पण बोलणारे फारसे बदलले नव्हते. शकुंतलाबाई परांजपे यांनी पुढे पुण्यात संततिनियमनाचे कार्य केले, विधान परिषदेत व १९६४ पासून राज्यसभेत त्या सदस्य होत्या; स्त्रीने स्त्रियांशी या विषयावर बोलण्याचा मार्ग त्यांच्यासारख्यांमुळे खुला झाला.

दुसरी मर्यादा वयाची. दुरुस्ती झाली ती उशिरा. बाराव्या वर्षी बसलेला साचा पंचविसाव्या वर्षी मोडावा लागत होता, आणि ज्यांच्या हाती अंक पडला नाही त्यांचा तो तसाच राहिला.

तिसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. कर्वे बुद्धिवादी होते. खरी माहिती मिळाली की भीती जाईल व वर्तन सुधारेल, असा त्यांचा विश्वास होता. व्यक्तीपुरता तो पुष्कळ अंशी खराही ठरला. परंतु समवयस्कांचा संकेत हा माहितीच्या अभावावर उभा नसतो. तो हसे होण्याच्या भयावर उभा असतो. हस्तमैथुन निरुपद्रवी आहे हे कळलेला मुलगाही टोळक्यात मुलींविषयी तेच बोलतो जे सर्व बोलतात, कारण न बोलल्यास तो बायकी ठरेल. एकट्याने वाचावयाचे मासिक या गटाच्या मनापर्यंत पोहोचू शकत नव्हते. त्यासाठी गटालाच एकत्र बसवून बोलते करणे आवश्यक होते, आणि ते शाळेतच शक्य होते. शाळेचे दार त्या काळी या विषयाला बंद होते.

७. उत्तरकाल

१९४४ साली मालतीबाईंचे निधन झाले. रघुनाथरावांनी मासिक चालूच ठेवले. १९५२ साली स्वतंत्र भारताच्या सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम स्वीकारला आणि असे करणारे ते जगातील पहिले सरकार ठरले. ज्या मतांसाठी कर्व्यांनी प्राध्यापकी गमावली होती, त्यांतील एक भाग राज्याचे धोरण झाला. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, त्यांचा मृत्यू झाला. ‘समाजस्वास्थ्य’ही त्यांच्याबरोबरच संपले. वडील अण्णासाहेब त्यानंतरही हयात होते. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. मुलाच्या वाट्याला असा सन्मान आला नाही.

राज्याने कर्व्यांच्या कार्यातील जो भाग स्वीकारला तो लोकसंख्येचा. वयात येणाऱ्यांना शरीराविषयी शांत, खरी व भेदभावरहित भाषा देण्याचा भाग बाजूला राहिला. २००५ साली केंद्र सरकारने किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम शाळांसाठी आणला. त्यातील चित्रे व मजकूर संस्कृतीला सोडून आहेत असा आक्षेप घेत २००७ साली महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो रोखला. आक्षेपाची भाषा १९३४ च्या खटल्याची आठवण करून देणारी होती.

दुसऱ्या बाजूने, कर्व्यांना जे साधले नाही त्या दिशेने काही पावलेही पडली. २००८ पासून मुंबईतील महानगरपालिकेच्या शाळांत सहावी-सातवीच्या, म्हणजे बारा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींबरोबर लिंगसमानतेचा एक उपक्रम राबविण्यात आला. त्यात शरीराच्या माहितीबरोबरच मुलगा-मुलगी यांच्याविषयीच्या साच्यांवर वर्गात खेळ व चर्चा यांच्याद्वारे बोलणे झाले. दहा ते चौदा या वयोगटाचा अनेक देशांत झालेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात भारताचाही समावेश होता. मुलगा धीट व स्वतंत्र, मुलगी नाजूक व जपण्याजोगी, हा साचा अतिशय भिन्न संस्कृतींतही या वयातच पक्का होतो, असे त्यातून दिसून आले. कर्व्यांच्या पत्रलेखकांची भीती याच वयात रुजली होती, हे आपण वर पाहिलेच आहे.

समारोप

र. धों. कर्वे यांच्या चरित्राचे मूल्यमापन संततिनियमनाच्या यशापयशावर सोडून देणे अपुरे आहे. त्यांनी मराठी भाषेला एका निषिद्ध विषयापुरते शांतपणे बोलावयास शिकविले, आणि एकट्या पडलेल्या वाचकाला आपण एकटे नाही हे दाखवून दिले. हे दोन्ही त्यांनी प्रौढांसाठी केले, कारण मुलांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग त्यांना खुला नव्हता. त्यांच्या मासिकातील पत्रे आज वाचताना अभ्यासकाने उत्तर देणाऱ्याचे धैर्य जसे पाहावे, तसेच विचारणाऱ्याचे वयही पाहावे. तो प्रश्न ज्या वयात मनात आला त्या वयात त्याला विचारता आला असता, तर ते पत्र लिहावे लागले नसते.